चढाईआधीची चिमूट

शाळेच्या मैदानावर आज कबड्डीचा सराव पाहिला. चढाईला जायच्या आधी एका पोरानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावून अंगठ्यानं मळली, वर दोन थापा मारल्या आणि चिमूट ओठामागे सरकवली. वय सतरा-अठरा असेल. मला फार वाईट वाटलं.

‘‘काका, तरतरी येते. आणि यात धूर कुठंय, दम लागायला?’’ तो म्हणाला.

धूर नाही, हे खरं. पण चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. काही मिनिटांत नाडी वाढते, रक्तदाब चढतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. धावायच्या आधीच हृदयाला जादा काम! तरतरीही खोटी नाही. निकोटिन मेंदूला चाळवतंच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’नं २०१२ पासून ते निगराणीखाली ठेवलंय, बंदी घातलेली नाही. पण डोकं तरतरीत असणं वेगळं आणि शेवटच्या पाच मिनिटांत पाय उचलणं वेगळं. शिवाय सवय जडली की चिमूट मिळाली नाही तर चिडचिड होते, लक्ष उडतं, मग तीच तलफ भागवण्याला पोरं ताकद समजतात.

सुपारी-गुटख्याचं तर आणखी वाईट. गालाचं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, घास घेणं जड जातं. खाणंच तुटलं तर दमसास कुठून येणार?

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. इथं टपरी फाटकाला लागून आहे. उद्या मुख्याध्यापकांना अर्ज देणार आहे.