आधीं ऐकावें

आमच्या साताऱ्याच्या घरीं माजघराच्या कोपऱ्यांत मेजावर एक संगणक आहे. आमचे तीर्थरूप अण्णा पेन्शन घेतल्यावर त्यावर देवनागरी टंकलेखन शिकले, आणि आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत रोज सकाळीं पूजा आटोपून त्यांनीं आपल्या बालपणाच्या आठवणी त्यांत लिहून ठेविल्या. त्यांच्या पश्चात् प्रत्येकाच्या हातीं मोबाईल असल्यामुळें त्या यंत्राकडे कोणी फारसें फिरकेना. पावसाळ्यांत तर विजेच्या भीतीनें त्याची तार काढून ठेविली होती. गेल्या पितृपक्षांत, महालयाच्या तिथीस, त्या आठवणींची लहानशी पुस्तिका छापून नातलगांस द्यावी असें मातोश्रींच्या मनांत आलें. म्हणून गणपति पोंचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्हीं यंत्राची कळ दाबिली.

दिवा लागला, आंतील पंखा घरघरूं लागला, पण पडदा काळा तो काळाच. क्षणभरानें यंत्र लांब लांब शिट्या घालूं लागलें. त्या कर्कश आवाजानें दचकून आम्हीं तें झटकन् बंद केलें. पुन्हां लाविलें, पुन्हां शिट्या, पुन्हां बंद.

एकत्र कुटुंबांत सल्ल्यांचा दुष्काळ कधींच पडत नाहीं. वहिनींनीं दोष विजेवर ठेविला, धाकट्या बंधूंनीं पडद्याची तार बदलून पाहिली, आणि आम्हीं तर विचार न करितां सोळा वर्षांच्या पुतण्यावरच घसरलों. “रात्रीं खेळ खेळून तूंच हें बिघडविलेंस!” तो एवढेंच म्हणाला, “काका, परीक्षेपासून मीं त्याला हातसुद्धां लावलेला नाहीं.” आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

मग बाजारांतील एका दुरुस्ती करणाऱ्यास फोन केला. त्यानें यंत्र न पाहतांच निदान सांगितलें, “हार्ड डिस्क गेली असेल. सगळें पुसून विंडोज नव्यानें भरूं. संध्याकाळपर्यंत तयार.” मातोश्री दारांत उभ्या होत्या. त्यांनीं हलकेच विचारलें, “पुसायचें म्हणजे, त्यांनीं लिहिलेलेंहि जाईल का रे?” आम्हांस उत्तर देववेना.

तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, एकदां त्या शिट्या पुऱ्या ऐकूं या का?”

त्यानें त्या दिवशीं आम्हांस जें समजाविलें तें वाचकांसहि उपयोगी पडेल. कळ दाबिली कीं आंतील वीजपेटी घरांतली २३० व्होल्टांची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टांवर उतरवून निरनिराळ्या भागांस पुरविते. मग मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एका चिपेंत साठविलेली बायोस नांवाची आज्ञावली जागी होते आणि प्रोसेसर, मेमरी, पडद्यावर चित्र पाठविणारा भाग, यांची हजेरी घेते. ही हजेरी पुरी झाल्यावरच ती डिस्ककडे वळते. विंडोजची पाळी तर त्याच्याहि नंतर. हजेरींत कोणी गैरहजर आढळला आणि पडदाहि उजळलेला नसला, तर बोंब मारावयास तिच्यापाशीं बहुधा शिटीवांचून साधन नसतें. आमचें यंत्र हजेरींतच अडलें होतें. डिस्कची पाळी अजून आलीच नव्हती. मग तिला दोषी ठरवून पुसून टाकणें म्हणजे परीक्षेस न बसविलेल्या मुलास नापास करण्यासारखेंच नव्हे काय?

शिट्यांचा अर्थ बनावटीप्रमाणें बदलतो. म्हणून कपाटांतून त्या फळीची पुस्तिका काढिली. सारख्या वाजत राहणाऱ्या लांब शिट्या म्हणजे मेमरी सांपडत नाहीं, असें तींत होतें. भिंतींतली तार काढून, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली आणि मेमरीची पट्टी हलकेच उपसली. तिच्या कडेचे सोनेरी दांत पावसाळी दमटपणानें व धुळीनें काळवंडले होते. स्वच्छ खोडरबरानें ते घांसून, कुंचल्यानें कण झाडून, पट्टी दोन्ही टोंकांस ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसविली.

कळ दाबितांच एकच आंखूड शिटी झाली आणि पडदा उजळला! पण तारीख कित्येक वर्षें मागची, आणि ‘एफ १’ दाबा अशी सूचना. तार काढलेली असतांना घड्याळ चालतें ठेवणारी फळीवरची रुपयाएवढी बॅटरी संपली होती. सीआर २०३२ हें तिचें नांव. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, आणि विजेचा दाब ३ व्होल्ट. ती घड्याळजीच्या दुकानांतहि मिळाली. नवी घालून तारीख लाविली, विंडोज सुरू झालें, आणि अण्णांचे सगळे कागद जसेच्या तसे सांपडले. इतर कांहीं करण्यापूर्वीं त्यांच्या दोन प्रती दोन निराळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. हें काम अण्णा असतांनाच व्हावयास हवें होतें. तें केलें नाहीं ही चूक सर्वस्वी आमचीच.

त्या रात्रीं मातोश्रींस पहिलें प्रकरण वाचून दाखविलें तें पुतण्यानेंच. वाचन संपल्यावर आम्हीं सर्वांच्या देखत त्याला म्हणालों, “सकाळीं आमचें चुकलें.” तो लाजून उठून गेला. यंत्र अडलें तर तें कोणत्या पायरीवर अडलें हें आधीं पाहावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि पुसण्याचा उपाय शेवटीं ठेवावा, हें आम्ही शिकलों. परंतु मनाला अधिक लागलें तें निराळेंच. त्या दिवशीं घरांत दोघेजण खरें सांगत होते, एक यंत्र आणि एक मुलगा. आणि दोघांनाहि आम्हीं घाईघाईनें गप्प केलें होतें.