लंडनच्या पोटात

विलायतेच्या प्रवासवर्णनात गटाराला जागा नसते. राजवाडा, म्युझियम, शेक्सपिअरचे गाव, झालेच तर धुके आणि चहा, एवढ्यावर आपले प्रवासी परततात. धाकट्या भावाकडे लंडनला गेलो असताना "मला इथली गटारे पाहायची आहेत" असे मी म्हणताच भावजयीने हातातला चमचा खाली ठेवला. "दादा, त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात? ती तर घरीही होती!" प्रश्न रास्त होता. पण मी मुंबईकर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो दिवस ज्याने पाहिला, त्याला हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

थेम्सच्या काठाने व्हिक्टोरिया एम्बँकमेंट नावाचा एक रुंद, झाडांनी शोभिवंत केलेला रस्ता जातो. माणसे त्यावरून फिरतात, बाकांवर बसून भाकरी— म्हणजे सँडविच— खातात. आपण एका गटाराच्या डोक्यावर बसलो आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. नदीत भर घालून १८७० साली हा रस्ता खुला झाला. त्याच्या पोटात सांडपाण्याचा मोठा नळ आणि त्याच्या शेजारी भुयारी रेल्वे. चेअरिंग क्रॉसच्या पुलाजवळ भिंतीत मिशाळ गृहस्थाचा एक अर्धपुतळा आहे. खाली लॅटिनमध्ये कोरले आहे, त्याचा अर्थ 'याने नदीला बेड्या घातल्या'. हे सर जोसेफ बॅझलगेट. लंडनचे प्राण वाचविणाऱ्यांत यांचे नाव वरचे. परंतु पुतळ्यासमोर थांबलेला मी एकटाच होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शहराची दशा काय होती, ते ऐकण्यासारखे आहे. घरोघरी पाण्याचे संडास आले आणि पूर्वी खड्ड्यात साठणारा मैला पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारांतून सरळ नदीत जाऊ लागला. थेम्सला भरती-ओहोटी आहे. ओहोटीने नेलेली घाण भरती परत आणी, आणि त्याच नदीचे पाणी लोक पीत. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे गेली. १८५३-५४ मध्ये आणखी दहा हजारांवर. डॉक्टर जॉन स्नो सांगत होते, रोग पाण्यातून येतो. जाणत्यांचे मत मात्र असे की, रोग दुर्गंधीतून येतो. पुढे १८५८ चा उन्हाळा आला. नदीचा वास पार्लमेंटात शिरला. चुन्याच्या क्षारात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावूनही सभासदांना बसवेना. जे काम वर्षानुवर्षे समित्यांत घोळत होते, त्याचा कायदा अठरा दिवसांत झाला! गरिबांच्या वस्तीतला वास पार्लमेंटापर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला, असेच म्हणायचे. बिचारे स्नो त्याच जून महिन्यात वारले.

बॅझलगेट यांची युक्ती समजायला सोपी आणि करायला महाकठीण. नदीकडे धावणारी गटारे वाटेतच अडवायची, नदीला समांतर असे मोठे नळ पश्चिमेकडून पूर्वेकडे न्यायचे आणि सारी घाण शहराबाहेर ओहोटीच्या वेळी सोडायची. असे ८२ मैल मुख्य नळ आणि ३१ कोटी ८० लाख विटा. उतार मैलाला जेमतेम दोन फूट. पुष्कळ नळांचा छेद अंड्यासारखा, निमुळते टोक खाली; म्हणजे पाणी थोडे असले तरी त्याचा वेग राहतो आणि गाळ बसत नाही. नळांची मापे ठरवताना आजची नव्हे, वाढीव वस्ती हिशेबात धरलेली. 'एकदाच करायचे, तर दुप्पट रुंद करू' असे ते म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. ती थोर माणसांना मागाहून चिकटणाऱ्या गोष्टींपैकीच दिसते. त्यांचे खरे थोरपण मला दुसरीकडे दिसले. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवे आणि बेभरवशाचे मानले जाई. ते त्यांनी कसोटी लावूनच घ्यायचे, असा कडक नियम ठेवला.

दुसऱ्या दिवशी भावाला बरोबर घेऊन पूर्व लंडन गाठले. तेथे ग्रीनवे नावाची लांबलचक उंच पाऊलवाट आहे. सायकलवाली पोरे, कुत्री फिरवणाऱ्या बायका, दोन्ही बाजूंना झुडपे. आणि पायाखाली उत्तर लंडनचा मैला वाहतो आहे. वाटेत ॲबी मिल्सचे पंपघर लागते. १८६८ सालची ही इमारत दुरून पाहाल तर एखादे ख्रिस्तमंदिरच वाटेल: कमानी, नक्षी, मधोमध कळसासारखा घुमट. "दादा, इथे चपला काढायच्या का?" भाऊ म्हणाला. खोलातल्या नळातले पाणी उचलून वरच्या नळात टाकणे, एवढेच या देवळातले नित्यकर्म.

पण याच पूर्व भागाची कथा मन खिन्न करते. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली, ती इथेच. बाकीच्या शहराला नवे नळ जोडले गेले होते; कामगारांच्या या वस्तीचे काम तेवढे पुरे व्हायचे होते. साडेपाच हजारांवर माणसे मेली. मधल्या काही वर्षांच्या उशिराची ही किंमत. आपल्याकडे मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा मोठा अहवाल १९९३ साली तयार झाला आणि २००५ उजाडेपर्यंत बहुतांशी कागदावरच राहिला, हे मला तेथे उभे असताना आठवल्यावाचून राहिले नाही. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेल्या होत्या, तोही समुद्राला ओहोटी असेल तर!

बॅझलगेट यांच्या योजनेतही गोम होतीच. त्यांनी घाण हलवली, नाहीशी केली नाही. १८७८ साली 'प्रिन्सेस ॲलिस' ही उतारूंनी भरलेली बोट नेमकी त्या तोंडांच्या आसपास बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसे त्या पाण्यात गेली. शिवाय पावसाचे आणि संडासाचे पाणी एकाच नळात. सर आली की जास्तीचे पाणी नदीत सोडावे लागे. वस्ती ऐंशी लाखांपुढे गेल्यावर तर बेताच्या पावसातही तसे होऊ लागले. अखेर नदीखालून २५ किलोमीटर लांबीचा, ७.२ मीटर व्यासाचा नवा बोगदा काढावा लागला. २०१६ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि २०२५ मध्ये तो पुरता जोडला गेला. जुने नळ मात्र मोडलेले नाहीत. त्यांतून उतू जाणारे पाणी तेवढे हा बोगदा पोटात घेतो.

हा बोगदा संपतो तो ॲबी मिल्सलाच, जमिनीखाली साठ मीटरांहून खोल. वर पाऊलवाटेवर उभे राहिले तर काही कळत नाही. एक बाई तेथे ब्लॅकबेरी तोडत होत्या. त्यांनी मूठभर आम्हालाही दिल्या. भावाने खाल्ल्या नाहीत, मी खाल्ल्या. गोड होत्या.