मरुदेशातील तीन उद्याने

‘मरु’ हा शब्द संस्कृतात ‘मृ’, म्हणजे मरणे, या धातूपासून साधला जातो. जेथे तहानेने प्राणी मरतात तो मरु, अशी त्याची व्युत्पत्ती आहे. इकडे अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात एका विस्तीर्ण दरीस ‘डेथ व्हॅली’, म्हणजे मृत्युदरी, असे नाव आहे. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांस एकाच जातीची भूमी पाहून एकच गोष्ट सुचावी याचे आम्हांस प्रथम कौतुक वाटले. ती भूमी प्रत्यक्ष पाहू लागल्यावर मात्र अशी शंका येऊ लागली की, ही नावे तेथे राहणाऱ्यांची नसून तेथून घाईने निघून जाणाऱ्यांची असावीत. गेल्या फेब्रुवारीत त्या देशातील तीन मरुउद्याने आम्ही एकट्याने, स्वतः मोटार चालवीत पाहिली. त्या प्रवासात या शंकेचा उलगडा कसा होत गेला, ते वाचकांस सांगावयाचे आहे.

एकट्याने का, असा प्रश्न घरी सर्वांनीच विचारला. तपास एक आणि प्रवासास चार जण असावेत, असा नीतिकारांचा संकेत आहे. तोही आमच्या धाकट्या बंधूंनी आठवणीने ऐकविला. आमचे सारे आयुष्य चौदा माणसांच्या घरात व पन्नास मुलांच्या वर्गात गेले. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातून बोलावणे आले आणि ती गेली. त्यानंतर भरल्या घरात पंगतीस बसतानाही एकटेपणाची जी धास्ती वाटू लागली, तिच्यापासून पळण्यापेक्षा एकदा तिच्या समोर जाऊन बसावे, असे मनाने घेतले. कन्या ॲरिझोना प्रांतातील फीनिक्स शहरी राहते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घेतला होताच. उजव्या बाजूने मोटार हाकण्याचा आठ दिवस सराव केला आणि निघालो.

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे फुलबाग नव्हे. निसर्गाचा एखादा प्रदेश आहे तसाच राखून तो सर्वांस पाहण्यास मोकळा ठेवावा, ही ती कल्पना. यलोस्टोन हे अशा उद्यानांपैकी पहिले, १८७२ सालचे. प्रथम गरम पाण्याची कारंजी, धबधबे, बर्फाची शिखरे यांसच हा मान मिळाला. वाळवंट राखण्याजोगे आहे हे ध्यानी येण्यास बराच काळ लागला. आम्ही पाहिलेली तिन्ही स्थळे १९३३ ते १९३६ या काळात राष्ट्रीय स्मारके म्हणून घोषित झाली आणि त्यांस राष्ट्रीय उद्यानाची पदवी मिळावयास १९९४ चा ऑक्टोबर उजाडला.

पहिला मुक्काम टूसॉनचा. हे शहर मध्ये आणि त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस सग्वारो उद्यानाचे दोन भाग. सग्वारो हे निवडुंगच, परंतु आपल्या कुंपणाच्या निवडुंगाशी त्याची तुलना नको. चाळीस फूट व क्वचित त्याहून उंच असा खांब आणि त्यास वर वळलेल्या भुजा. पहिल्या आठ वर्षांत त्याची वाढ जेमतेम इंच-दीड इंच होते. पहिली भुजा फुटण्यास पन्नास ते शंभर वर्षे लागतात आणि आयुष्य दीडशे-दोनशे वर्षांचे. अंगावरील चुण्या पाऊस पडला की पखवाजाच्या पोटाप्रमाणे फुगतात आणि कोरड्या दिवसांत पुन्हा आत ओढल्या जातात. या प्रदेशात पाऊस वर्षातून दोनदा पडतो. उन्हाळ्यातील पावसास तेथील लोक आपल्यासारखेच ‘मॉन्सून’ म्हणतात, हे ऐकून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. बहुतेक प्रत्येक मोठ्या सग्वारोच्या बुंध्याशी एखादे काटेरी झाड असते, किंवा असलेल्या झाडाचे वाळके खोड असते. इवल्याशा रोपास ऊन व थंडी यांपासून आसरा देणारे हे झाड. त्यास तेथे धात्रीवृक्षच म्हणतात. रोप मोठे होते आणि धात्री बहुधा त्याच्या आधी वठते. पुढे त्या सग्वारोच्या अंगात सुतारपक्षी ढोली कोरतो, तो निघून गेला की तेथे चिमणीएवढे घुबड बिऱ्हाड करते. येथील मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम हे सग्वारोस झाड न म्हणता माणूसच मानतात. जूनच्या अखेरीस लांब काठ्यांनी त्याची फळे उतरवून ते रस आटवितात, आणि त्या हंगामापासून त्यांचे नवे वर्ष सुरू होते. उद्यानाच्या हद्दीतही त्यांचा हा हक्क चालू आहे.

तेथून सुमारे साडेपाचशे किलोमीटरची सडक काटून आम्ही जोशुआ ट्री उद्यानात आलो. सडक सरळ, दोन्ही बाजूंस करडे झुडूप आणि दूर जांभळे डोंगर. दोन वाळवंटे येथे एकमेकांस भेटतात: खालचे कोलोराडो आणि वरचे मोहावी. वरच्या भागात जोशुआ वृक्ष लागतात. केतकीची पाने वेड्यावाकड्या फांद्यांच्या टोकांस बांधून ठेवावीत तसे हे झाड दिसते. त्याचे पराग वाहण्याचे काम फक्त एक लहानसा पतंग करतो. मादी मुखाजवळच्या खास अवयवांनी परागांची गोळी करते, ती दुसऱ्या फुलात दाबून बसविते आणि तेथेच अंडी घालते. अळ्या काही बी खातात, उरलेले झाडाचे. झाड नसेल तर पतंग नाही, आणि पतंग नसेल तर बी नाही.

ही भूमी राखली गेली ती मिनर्व्हा हॉइट या बाईंमुळे. पुत्र व पती यांच्या मृत्यूनंतर त्यांनी स्वतःस या कार्यास वाहून घेतले. शोभेसाठी वाळवंटातील झाडे उपटून नेली जात असलेली पाहून त्यांनी न्यूयॉर्क, बोस्टन, लंडन येथे मरुवनस्पतींची प्रदर्शने मांडली, सरकारदरबारी खेटे घातले आणि १९३६ साली हे स्मारक घोषित करविले. माहितीच्या फलकासमोर आम्ही जरा अधिक वेळ उभे राहिलो, याचे कारण वाचकांस सांगावयास नको.

पुढे मोहावीच्या संरक्षित प्रदेशातून जाताना काळ्या ठुंठांचे रान लागले. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजेने लागलेल्या वणव्यात येथे सुमारे तेरा लक्ष जोशुआ वृक्ष जळाले. वाळवंटास मरण नवे नाही. परंतु या झाडांस एवढ्या आगीची सवय नव्हती.

शेवटी मृत्युदरी. समुद्रसपाटीखाली २८२ फूट असलेले बॅडवॉटर हे उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल स्थळ. १९१३ च्या १० जुलै रोजी जवळच फर्नेस क्रीक येथे १३४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस, तापमान नोंदले गेले. वर्षाचा पाऊस दोन इंचांच्या आसपास. २०२३ च्या २० ऑगस्टला मात्र तेवढा पाऊस एका दिवसात कोसळला आणि मिठाच्या या पटांगणात कित्येक महिने तळे साचले होते. आम्ही गेलो तेव्हा पांढरे मीठ, त्यावर हेलकावणारे मृगजळ आणि पलीकडे बर्फाचे शिखर, इतकेच. तेथील शांतता अशी की, कानांत स्वतःचेच रक्त वाहताना ऐकू येते. ज्या धास्तीस भेटावयास आलो होतो ती येथे भेटली. छातीत धडधडले. मोटारीत जाऊन बसावे असे वाटले, पण बसलो नाही.

भीती अगदीच अनाठायी नव्हती. १९९६ च्या जुलैत चार जर्मन प्रवासी आडवाटेने गेले, मोटार अडकली आणि ते पायी निघाले. २००९ साली त्यांपैकी प्रौढांच्या अस्थी मिळाल्या. म्हणून जाणाऱ्याने माणशी रोज निदान चार लिटर पाणी घ्यावे. भ्रमणध्वनी चालेल असे धरू नये, वाट आगाऊ कोणास तरी सांगून ठेवावी, आणि मोटार बिघडल्यास ती सोडून जाऊ नये. नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम.

या दरीचे नाव १८४९-५० च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात वाट चुकलेल्या लोकांशी जोडलेले आहे. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधीपासून टिंबिशा शोशोनी लोक येथे राहत होते. त्यांचे नाव येथल्या तांबड्या गेरूवरून आहे. उन्हाळ्यात ते डोंगरावर चढत. खाली असताना मेस्कीट झाडाच्या शेंगा कुटून पीठ करीत. हे मेस्कीट आपल्या शमीच्याच गोतातले! १९३३ साली दरी स्मारक झाली, तेव्हा त्यांच्याच घरात ते परके ठरले. १९८३ साली सरकारने त्यांस जमात म्हणून मान्यता दिली, आणि २००० च्या कायद्याने सुमारे ७,७०० एकर भूमी परत मिळाली. त्यांपैकी ३१४ एकर फर्नेस क्रीक येथे, उद्यानाच्या ऐन मध्यभागी आहे. तेथे आजही त्यांची वस्ती आहे. ज्यास आपण मृत्युदरी म्हणतो ते त्यांचे माहेर.

शंकेचा निकाल येथे लागला. ‘निर्जन’ हा भूमीचा गुण नसून पाहणाराच्या उतावीळपणाचा असतो. मरुदेशात एकटे असे काहीच जगत नाही. जे जगते ते दुसऱ्याच्या सावलीत वाढते आणि पुढे दुसऱ्यास जागा देते. आपल्याकडे जैसलमेरजवळ ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरु राष्ट्रीय उद्यान आहे, तेथील माळढोकास हे पक्के ठाऊक असावे. सोलापूरकडील ज्या माळांस आपण पडीक म्हणत आलो, ते त्याचेच घर. ज्यांस परदेशी जाणे होणार नाही, त्यांनी एखाद्या हिवाळ्यात त्या माळावर पहाटे तासभर उगाच बसून पाहावे. आणि आमच्यासारख्या ज्यांच्या घरातील एक जागा रिकामी झाली असेल, त्यांनी तर अवश्य बसावे.