टाकीत शिरलेला पूर

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. एनडीआरएफच्या बोटी, हेलिकॉप्टर, सुमारे १०५० प्रवाशांची सुटका, हे सगळं टीव्हीवर दिसलं. पाणीपुरवठ्यातल्या माणसाचं काम सुरू होतं ते कॅमेरे परतल्यावर, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपाशी.

पूर ओसरला की घरातला चिखल दिसतो, टाकीतला दिसत नाही. झाकणाच्या फटीतून गटार आत शिरलेलं असतं. पंप दुरुस्त झाल्याच्या आनंदात कुणीतरी बटण दाबतं आणि तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. जाणता माणूस आधी त्या बटणापाशी उभा राहतो. टाकी उपसायची, घासायची, ताजं पाणी भरायचं, मगच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर.

प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: १००० लिटरला ५ ग्रॅम, अर्धा तास थांबा. पण पाणी गढूळ असेल तर बरंचसं क्लोरीन गाळच खातो. आधी तुरटी फिरवून तो खाली बसवावा लागतो. ओल लागलेल्या पोत्यातल्या पावडरीतही दम नसतो. भरवसा ठेवायचा तो पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीवर. थेंब टाकल्यावर नमुना पिवळसर व्हायला हवा, आणि तो नमुना शेवटच्या घरातल्या नळाचा हवा.

वालधुनीकाठी मात्र टीसीएलचा इलाज अपुरा. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाणाऱ्या या नदीत कारखान्यांचं सांडपाणी मिसळत आलंय. क्लोरीन जंतू मारतं, रसायनं नाही. तिचं पाणी शिरलेली टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची, तिथे काटकसर नको.

संडासाचा विषय मदतीच्या यादीत नेहमी तळाशी, ‘तात्पुरताच तर आहे’ म्हणून. पण खुद्द उल्हासनगर हे आणीबाणीतून वसलेलं गाव: महायुद्धातल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला शहराचं नामकरण झालं आणि आजही पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. तात्पुरतं म्हणून बांधलेलं किती वर्षं वापरलं जाईल, याचा नेम नसतो.

‘स्फिअर’ या जागतिक निकषांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास धरलाय, पुढे २० माणसांमागे एक. शाळेतल्या निवाऱ्यात आकडा जुळतो, पण दाराला कडी नसते, बोळात अंधार असतो. मग बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच टाळतात. टँकरची मागणी लिहितानाच त्याखाली कड्या, बल्ब आणि झाकणाच्या बादल्या लिहाव्या लागतात, आणि साहेबांना त्याचं कारणही समजावून सांगावं लागतं.