पावसाळ्यातला बास्केटबॉल

कोळवणला एकदा पाऊस धरला की तिकोना आठ-आठ दिवस दिसत नाही. भातलावणी सुरू होते आणि बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ चढतं. माझी भाची तिथं खेळते. जूनमध्ये तिनं चेंडू कपाटावर ठेवला तेव्हा, खरं सांगतो, मला बरंच वाटलं. दहावीचं वर्ष होतं. बहिणीनं तर ठरवलंच होतं की यंदा खेळ बंद. रुमाल बांधून खेळू देणार नाहीत, ही तिची जुनी सबब. पण आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१७ मध्येच डोकं झाकून खेळायला परवानगी दिली होती, त्यामुळे आता दहावीचं कारण उरलं होतं.

तिच्या सरांनी मात्र पडवीतच काम लावून दिलं. डाव्या हातानं टप्पे मारायचे आणि नजर माझ्याकडे ठेवायची. मी बोटं दाखवायची, तिनं टप्पा न चुकवता आकडा सांगायचा. मग उताणं झोपून चेंडू आढ्याकडे फेकायचा. कोपर चेंडूखाली आणि मनगट सरळ असेल तर तो परत हातात येतो, नाहीतर नाकावर! शेवटी पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे आत न वळवता. मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात मी फक्त बास्केट मोजायचो. पन्नासात किती? सर मोजत नसत. रिंग ३.०५ मीटर उंच, तिचा व्यास ४५ सेंटिमीटर. फेक सपाट गेली की चेंडूला आत शिरायला वाट अरुंद होते, आणि पाय थकले की हिची फेक सपाट होते. म्हणजे कमजोरी हातात नव्हतीच, पायांत होती. सामन्यांच्या धावपळीत ती कोण सुधारणार?

तसा हा खेळच बंद मैदानामुळे जन्मला. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना म्हणून नेस्मिथ यांनी व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगल्या.

ऑक्टोबरात आम्ही दोघांनी शेवाळ खरवडलं. पहिले चार चेंडू बाहेर गेले. सर एवढंच म्हणाले, "कमान बरी आहे." तेवढ्यात बहिणीचा फोन आला, सोमवारी गणिताचा पेपर आहे म्हणून.

"मामू, अम्मीला सांगा, वीस टाकते आणि निघते."

मी सांगितलं. पलीकडून हो आलं नाही, पण नाहीही आलं नाही.