मिलानला काय बाजार निघाला?

परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात दोन कागद असतात. एक पासपोर्ट, दुसरी घरच्यांची यादी. पासपोर्ट हरवला तर एम्बसीत काहीतरी सोय होते, यादी हरवली तर घरात घेत नाहीत! जुलै २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या समर स्कूलसाठी मी मिलानला गेलो, तेव्हा ताईने ‘इटालियन बॅग’ लिहून दिली होती, हॉस्टेलच्या टोळक्याने चॉकलेटं, आणि आजीने नुसतं “धड परत ये” एवढंच सांगितलं होतं. अण्णांनी काहीच मागितलं नाही. जुलै म्हणजे आमच्याकडे टोमॅटोचे तोडे ऐन भरात. नारायणगावच्या आसपास त्या दिवसांत माणसाला दुसरं काही सुचत नाही.

खिशात शॉपिंगसाठी शंभर युरो. युरो तेव्हा साधारण शंभर रुपयांचा, त्यामुळे गुणाकार सोपा होता. त्रास त्याचाच झाला. कॅल्क्युलेटर लागला असता तर निदान थोडा वेळ तरी आनंदात गेला असता.

मिलानमध्ये शॉपिंग म्हटलं की सगळे आधी ‘गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले’त जातात. आपली तुळशीबागच, फक्त डोक्यावर लोखंड आणि काचेचं उंच छप्पर अन् पायाखाली मोझेक. सिव्हिलवाल्यांनी तिथे मान वर करूनच चालावं. १८६७ साली तिचं उद्घाटन झालं. पुढे काम चालूच होतं, आणि ते संपत आलं असताना ३० डिसेंबर १८७७ ला तिचा आर्किटेक्ट जुझेप्पे मेंगोनी वरून पडून गेला. ही गोष्ट कळल्यावर मी दहा मिनिटं दुकानांकडे बघितलंच नाही. खाली फरशीत तोरिनो शहराचा बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गर्रकन फिरलं की नशीब फळफळतं म्हणे. इतक्या टाचा बसल्यात की तिथे खड्डा पडलाय. बैलगाडा शर्यतीवर जीव टाकणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे काही बघवत नाही.

या गॅलेरियाची मालक मिलानची महापालिका आहे आणि गाळ्यांचा लिलाव होतो. प्रादाचं दुकान मात्र तिथे १९१३ पासून आहे. त्याच प्रादाने जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली, पण कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. केवढा गदारोळ झाला आठवतं ना? कोल्हापुरीला २०१९ मध्येच जीआय मिळालेलं. शेवटी कंपनीला मूळ मान्य करावं लागलं, आणि त्याच डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजार! तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी त्या काचेसमोर पायात खरी कोल्हापुरी घालून उभा होतो, आणि आतल्या कोणाचं माझ्या पायाकडे लक्षही नव्हतं.

मॉन्तेनापोलेओने नावाचा रस्ता पण बघितला. २०२४ च्या एका अहवालात दुकानभाड्यात त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला मागे टाकून जगात पहिला नंबर काढला होता. दारातला सूटवाला वॉचमन माझ्यापेक्षा भारी दिसत होता. पुढे चला.

मला खरी गंमत वाटली ती पाट्यांची. जुलैत तिथे ‘साल्दी’ असतात, म्हणजे सेल. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आणि सुरू कधी करायचे ती तारीख सरकार ठरवतं. चिठ्ठीवर जुनी किंमत, किती टक्के उतरले, नवी किंमत, सगळं छापलेलं. गिऱ्हाईक येतं, चिठ्ठी वाचतं, घेतं नाहीतर जातं. “शेवटचं काय द्यायचं बोला” हे वाक्य त्या शहरात कोणी म्हणत नाही. पहिले चार दिवस मला गुदमरल्यासारखं झालं.

कारण आमच्या घरात सगळं आयुष्य एका शब्दाभोवती फिरतं. भाव. आम्ही वीस किलोचे क्रेट भरून पिकअप नारायणगावच्या मार्केटला लावतो. व्यापारी गाडीपाशी येतो, वरच्या क्रेटमधले दोन-चार टोमॅटो दाबून बघतो आणि आकडा सांगतो. रोप, मल्चिंग, ड्रिप, बांबू-तार, औषधं, तोडणीची मजुरी या प्रत्येक गोष्टीचा भाव दुसरा सांगतो आणि आम्ही देतो. माल आमचा, त्याचाही भाव दुसराच सांगतो आणि आम्ही घेतो. घासाघीस करायची तर माल सकाळचा तोडलेला, दुपारपर्यंत घाम फुटतो त्यालाही आणि आम्हालाही. जुलै २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने महिनाभरात दीड कोटीचा टोमॅटो विकला, ती बातमी देशभर झळकली. हॉस्टेलवर महिनाभर मला ‘शेठ’ म्हणत होते. सप्टेंबरात तोच भाव कोसळला, त्याची बातमी कोणी मला दाखवली नाही.

समर स्कूलमधल्या एका इटालियन मित्राने विचारलं, तुमच्याकडे टुरिस्ट येतात का? म्हटलं, बाबा रे, दोन हजार वर्षांपासून येतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे तेव्हाच्या ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी लोकांचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भोजनमंडप. कोकणातल्या बंदरांतून माल नाणेघाटाने वर यायचा, तिथे जकात टाकायचा दगडी रांजण अजून आहे. मित्राने विचारलं, “मग ते विकत काय घ्यायचे?” मला फोटोतला रांजण तेवढा दाखवता आला.

ताईची बॅग मिळाली पापिनियानो रस्त्यावरच्या शनिवारच्या बाजारात. अगदी आपला आठवडे बाजार! आरोळ्या, ढीग, ताडपत्री. स्टॉलवाला बांगलादेशी, फर्डं हिंदी बोलणारा. त्याने पंधरा सांगितले, मी आठ म्हटलं, बारावर तुटलं. महिनाभराचा मळभ गेल्यासारखं वाटलं. बॅग इटालियन आहे की नाही हे ताईला अजून विचारायचं सुचलेलं नाही, तुम्हीही सुचवू नका.

आणि परतीच्या आदल्या दिवशी मित्र मला शेतकऱ्यांच्या बाजारात घेऊन गेला. तिथल्या कोल्दिरेत्ती या मोठ्या शेतकरी संघटनेचे असे बाजार गावोगाव भरतात, पिकवणाराच विकतो. एका म्हाताऱ्या बाईच्या टेबलावर टोमॅटो होते, ‘कुओरे दी बुए’, बैलाचं काळीज. चुण्या पडलेले, वेडेवाकडे. आमच्याकडे व्यापारी हा माल हातातही धरणार नाही. पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं, किलो ३.५०. सवयीने मी दाबून बघायला हात पुढे केला, तशी ती “नो, नो” करत स्वतःच उचलायला लागली. मालाला हात लावू देत नाहीत तिथे. अर्धा किलो घेतले. वजन झाल्यावर तिने न मागता एक वर टाकला.

रात्री अण्णांना फोन लावला. आज काय बाजार निघाला विचारलं, तर “चाललंय” म्हणाले. म्हणजे पडला होता. मग मी तिथला भाव सांगितला.

“किलोला साडेतीनशे? क्रेटला सात हजार?”

“हो.”

“व्यापारी कोण होता?”

“कोणी नाही. ती बाईच. तिनेच पाटी लिहिली होती.”

फोनवर मागे क्रेट आपटल्याचा आवाज येत होता. उद्याचा माल भरणं चाललं असणार.

“दाबून बघितले का?” अण्णांनी विचारलं.

“नाही. ती हातच लावू देत नव्हती.”

अण्णा बराच वेळ हसत होते.