रंगाची तार आणि मोजलेले टाके

भुजच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर निरोणा हे गाव आहे. पंचतीर्थीस निघालेल्या कुटुंबांची वाहने नलिया, जखौकडे धावतात. निरोण्याकडे वळणारी थोडीच. ज्यांच्या पिढ्या कापडाच्या पेढीवर बसल्या, त्यांनी तरी येथे अर्धा दिवस काढावयास हवा.

निरोण्यातील खत्री कुटुंबाने रोगनकला टिकवून धरली आहे. एरंडेल तेल गावाबाहेर नेऊन दोन दिवस उकळतात, कारण वास उग्र आणि भडक्याचे भय मोठे. घट्ट झालेल्या तेलात खनिज रंग खलतात. कारागीर त्याचा गोळा डाव्या तळहातावर घेऊन लोखंडी सळईने घोळतो. मऊ झालेल्या रंगाची सुतासारखी तार निघते आणि ती तो कापडावर अलगद सोडत जातो. सळई कापडास टेकत नाही, आखणीही नसते. नक्षी अर्धीच काढावयाची, मग कापड दुमडून दाबले की उरलेली अर्धी उमटते. प्रथम पाहणाऱ्यास हे भरतकामच वाटते.

पूर्वी ही नक्षी नववधूंच्या घागऱ्यांवर असे. गिरणीचे छापील कापड स्वस्त झाले आणि ते गिऱ्हाईक गेले. कला तगली ती भिंतीवर लावावयाच्या चित्रांमुळे, त्यातही कल्पवृक्षामुळे. अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

भुजच्या उत्तरेस सुमरासर येथे चित्रे होतात ती सुईने. १९७१ च्या युद्धानंतर थरपारकर भागातून आलेल्या मारू मेघवाळ कुटुंबांनी सुफ भरत येथे आणले. या भरतातही रेखाटन नाही. कापडाचे ताणेबाणे मोजून, मागच्या बाजूने टाके घालावयाचे. सुलट बाजूस लहान लहान त्रिकोण उठतात. त्या त्रिकोणांतून मोर, माणसे, घरे साकारतात. एक धागा मोजण्यात चुकला की ओळ उसवावी लागते. डोळ्यांवर पडणारा ताण पाहता, हे काम चाळिशीनंतर कठीण का होते ते सांगावयास नको.

सुई नेहमीच सुखाची असते असे मात्र नाही. ढेबरिया रबारी समाजात हुंड्यासाठी भरलेले कपडे पुरे होईतो मुलींची पाठवणी वर्षानुवर्षे लांबू लागली, म्हणून १९९५ साली समाजाने भरतकामावरच बंदी घातली. बाहेरून येणाऱ्या रसिकांना हळहळ वाटते, परंतु ज्या घरात मुलगी अडून बसली होती त्या घराचा हिशेब निराळा होता. पुढे रबारी स्त्रियांनी तयार फिती जोडून नवी सजावट काढली, ती ‘हरी जरी’.

याच्या उलट धाणेटीची हकिकत. १९६९ च्या दुष्काळात तेथे मदतीस गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना अहीर स्त्रियांनी फुकटचे अन्न नको, काम द्या, असे सांगितले. भरलेल्या साड्या मुंबईत विकल्या गेल्या आणि ‘सृजन’ संस्था उभी राहिली. तिचे संग्रहालय भुजजवळ अजरखपूर येथे २०१६ साली उघडले. कच्छच्या नाना भरतांचे नमुने तेथे एकत्र पाहावयास मिळतात. एक दालन घाईने पाहण्यापेक्षा एकाच तुकड्यापुढे थांबणे बरे.

खरेदीच्या वेळी आपली व्यापारी सवय जागी होते. घासाघीस जरूर करावी, पण कापड आणि धाग्याची किंमत मांडून झाल्यावर उसवलेल्या ओळी कोणत्या खात्यात लिहावयाच्या, हेही पाहावे. भुजच्या बाजारात यंत्राचे भरतही हाताचे म्हणून पुढे केले जाते. कापड उलटून पाहावे. यंत्राच्या कामात मागे बॉबिनचा, बहुधा पांढरा, धागा सर्वत्र एकसारखा दिसतो. हाताच्या कामात एखादी गाठ आणि एका फुलावरून दुसऱ्याकडे गेलेला तोच रंगीत धागा सापडतो.